नाकवाल्यांचं नाक

गाडीत एसी लावला की पहिल्या झुळकेबरोबर जो कुबट वास येतो, त्याच्याशी माणसं फार लवकर जुळवून घेतात. थोडे दिवस नाक मुरडतात, मग डॅशबोर्डवर सुगंधाची बाटली चिकटवतात आणि पुढे कुबट गुलाबाची सवय करून घेतात. सगळे ज्यांना नाकवाले म्हणत त्या मेकॅनिकचं पोट असं जुळवून न घेणाऱ्यांवर चालायचं. अशी माणसं कुठेही मोजकीच असतात. पण गाड्या उदंड झाल्यामुळे त्या मोजक्यांचीही रांग लागायची.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे टायरवाल्यांच्या रस्त्यावरची एक लांबोडकी खोली. एक गाडी आत गेली की माणसाला अंग चोरून सरकावं लागे. भिंतीवर टांगलेले पाने, कोपऱ्यात नळ, फळीवर फेसाचे डबे, आणि एका खिळ्यावर स्वच्छ पांढरा नॅपकिन. या नॅपकिनला नाकवाल्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही. आसपासच्या दुकानांत त्याला नुसतं 'तो' म्हणत.

गाडी आली की आधी मालकाचं तोंड बंद करायचं, ही त्यांची पद्धत. "साहेब, काही सांगू नका. कधीपासून येतोय, कशामुळे येतोय, घरचे काय म्हणतात, काहीच नको. गाडी सांगेल मला." मग ते नळावर साबण न लावता हात-तोंड धुवायचे, 'त्या'ने कोरडं करायचे, गाडीत बसून काचा वर घ्यायचे, एसी लावायचे आणि गुडघ्यांवर हात ठेवून डोळे मिटायचे. बाहेर मालक ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखा ताटकळत उभा. दार उघडलं की निकाल.

"ओलं पोतं. एसीच्या आतल्या कॉइलवर बुरशी धरलीय."

किंवा, "दप्तराचा तळ. गालिच्याखाली पाणी साचलंय तुमच्या. एसीचं पाणी जायचा पाइप तुंबलाय, ते बाहेर पडायच्या ऐवजी आत येतंय."

किंवा, "मेलंय काहीतरी. लहान आहे."

"लहान म्हणजे किती लहान?" मालक घाबरून विचारायचा.

"उंदीर असता तर तुम्ही गाडी चालवत इथपर्यंत आला नसता. पाल असेल."

आणि ब्लोअर उघडला की पाल निघायची. खरं म्हणजे या कामाला एवढ्या नाकाची गरज नव्हती. फिल्टर बदलायचा, कॉइलवर फेस मारायचा, पाइप साफ करायचा, गालिचे उन्हात टाकायचे, हे सगळं सगळ्याच गाड्यांना केलं तरी बहुतेकांचा वास जातो. शहरातली बाकीची वर्कशॉपं तेच करत होती. पण नाकवाल्यांकडे लोक वास घालवायला जेवढे यायचे, तेवढेच त्याचं नाव ऐकायला यायचे. आपल्याला जे नुसतंच 'कसंतरी' वाटत होतं त्याला कोणी ठामपणे 'दप्तराचा तळ' म्हटलं की अर्धा त्रास तिथेच जातो. पैसे त्या अर्ध्याचे असत.

काम झालं की ते पुन्हा बसायचे. त्यांच्या या शेवटच्या बैठकीशिवाय गाडी बाहेर पडत नसे. चावी देताना सल्ला ठरलेला: "घर जवळ आलं की एसी बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा. कॉइल वाळली की बुरशी धरत नाही." सगळे माना डोलवायचे, कोणी ऐकायचं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच गाड्या परत यायच्या. सल्ला प्रामाणिक होता, म्हणून त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

शेजारच्या गाळ्यात त्यांच्या मेहुण्याचं दुकान. सीट कव्हरं, मॅट, मान हलवणारी कुत्री, आणि एक अख्खी भिंत सुगंधाच्या बाटल्यांची. लिंबू, चंदन, 'समुद्र', आणि 'नवी गाडी' नावाचा एक वास, जो जुन्या गाड्यांचे मालक न्यायचे.

"भाऊजी, एकेक बाटली ठेवा ना तुमच्या गिऱ्हाइकांना," मेहुणा अधूनमधून गळ घालायचा. "तुम्ही घाण काढा, मी वरून सुगंध देतो. पैसा घरातल्या घरात राहील."

"आंघोळ केलेल्या माणसाला अत्तर लागत नाही."

"मग मी काय विकतो म्हणता?"

"तू आंघोळ न करण्याची सोय विकतोस."

मेहुणा हसायचा. त्याला राग येत नसे. त्याचा धंदा भाऊजींच्या दुप्पट होता.

घरात हे नाक म्हणजे एक खाष्ट पाहुणाच होता. जिन्यातूनच ते ओरडायचे, "खाली लागतंय बघ." बायको धावत गॅसपाशी जाई, तर भाजी खरंच नुकती कुठे लागायला आलेली असे. कपडे पुरते वाळलेले नाहीत, पाहुण्यांनी येताना वाटेत काय खाल्लं, दूध सकाळचं की कालचं, सगळं त्यांना कळे आणि सगळं ते बोलून दाखवत. "माझं नाक" हे शब्द ते असे उच्चारत, जसे दुसरे लोक "आमचा मुलगा" म्हणतात, परदेशात असलेल्या मुलाबद्दल.

ते गेलं एका साध्या तापात. घरोघरी आलेला ताप होता. अंग दुखलं, घसा बसला, चार दिवस पडून काढले आणि उठून ते कामाला लागले. पहिल्या गाडीत बसले, डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "काही नाही हो. साफ आहे." मालक त्यांच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या गाडीतही काही नव्हतं. तिसरी गाडीही साफ निघाली, तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं, जग इतक्या लवकर स्वच्छ होण्याचा संभव नाही.

त्यांनी फेसाचा डबा नाकाशी धरला. मग पेट्रोलचं फडकं. मग, कोणी बघत नाहीसं पाहून, स्वतःचा बूट.

नाकाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं. "काम काय करता?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी नळी पुसून ठेवली. मग म्हणाले, "तापाने होतं असं. वर्षानुवर्षं ते फेस, ती रसायनं हुंगली, त्यानेही झालं असेल. वास घेणाऱ्या नसा असतात, त्या मेल्यात."

"परत येईल ना?"

"काही जणांचा येतो."

"माझा?"

"तुम्ही त्या काही जणांत आहात की नाही, ते येईल तेव्हाच कळणार."

व्यायाम म्हणून त्यांनी छोट्या बाटल्या दिल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गाडीला अत्तर लागू दिलं नाही, तो वर्कशॉपच्या मागच्या बाजूला तोंड करून गुलाब हुंगत बसू लागला. गुलाब पाण्यासारखा होता. लिंबू पाण्यासारखं होतं. त्यांना वासाचं नाव आठवायचं, वास आठवायचा नाही.

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. गाड्यांना सरसकट सगळे उपचार करू लागले आणि निकाल अंदाजाने देऊ लागले: "ओलं पोतं." बहुतेक गाड्यांचं ओलं पोतंच असतं, त्यामुळे निभावत होतं.

घरी निभावलं नाही. एका सकाळी बायको वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेली होती. परत आली तर स्वयंपाकघरात धूर. दूध पार आटून पातेलं काळंठिक्कर पडलेलं, आणि नाकवाले त्याच गॅसकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले.

तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, ते नाक आहे की नुसता चष्म्याचा टेकू?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. नेहमीसारखं उलट उत्तर आलं नाही, तेव्हा तिला कळलं.

"कधीपासून?"

"तापानंतर."

"आणि मला आत्ता सांगताय."

"तुला कुठे सांगितलं. दुधाने सांगितलं."

तिने पातेलं पाण्यात भिजत घातलं. मग म्हणाली, "दुपारी डबा घेऊन येते मी. गाडीत बसून सांगते काय वास येतो ते. त्यात काय एवढं."

त्यात बरंच काही होतं, हे पहिल्याच दिवशी दिसलं. मालकाला त्यांनी "संध्याकाळी या, वास बसायला वेळ लागतो" असं सांगून घालवलं होतं. शटर अर्धं ओढलेलं. बायको गाडीत बसली, काचा वर, एसी चालू. बाहेर आली.

"घाण येतो."

"कसला घाण?"

"घाण म्हणजे घाण. त्यात कसला काय?"

"ओल्या पोत्यासारखा की दप्तरासारखा?"

"मी कधी पोतं हुंगत बसलेय?"

"अगं, आंबट आहे का? मातकट आहे? खाली येतोय की वरून?"

ती पुन्हा आत गेली. दार लावून घेतलं. ते बाहेर, मालक उभे राहायचे त्याच जागी, उभे. काचेतून तिचा चेहरा दिसत होता. तिने डोळे मिटले नव्हते, ती समोरच्या भिंतीवरच्या पान्यांकडे बघत होती. मग एकदम हसली आणि दार उघडलं.

"आत्याबाईंच्या कपाटासारखा."

नाकवाल्यांना ते कपाट ताबडतोब कळलं. आत्या लग्नातल्या भेटी न वापरता त्या कपाटात कोंबून ठेवायच्या. चादरींचे गठ्ठे, तळाशी ओल, आणि वर कडक घडी. म्हणजे कॉइल नव्हे, गालिच्याखालचा थर. त्यांनी गालिचा उचलला. ओल निघाली.

त्यानंतर त्यांची एक भाषा बसली, जी त्या दोघांनाच यायची. 'आपल्या पहिल्या भाड्याच्या खोलीसारखा' म्हणजे पाइप तुंबलेला. त्या खोलीतल्या मोरीचंही तेच दुखणं होतं. 'मामांच्या रेनकोटसारखा' म्हणजे फिल्टर. 'बसच्या त्या प्रवासासारखा' म्हणजे मागच्या सीटवर कोणीतरी उलटी केलेली, आणि या निकालानंतर दोघंही थोडा वेळ हसायचे, कारण त्या प्रवासात उलटी नाकवाल्यांनी केली होती. इतक्या वर्षांचा संसार हुंगून ठेवलेला होता, तो आता उपयोगी पडत होता. तिचा एकही निकाल चुकला नाही. गिऱ्हाइकांना तेच पूर्वीचे ठाम शब्द मिळत होते, आणि मेहुणाही एकदा म्हणाला, "काय ताई, रोज गरम डबा? भाऊजींची मजा आहे."

"म्हातारपणी लाड करतेय," ती म्हणाली.

गुलाब मात्र पाण्यासारखाच राहिला. महिने गेले तसा डॉक्टरांचा सूर 'बघू या'वरून 'काळजी घ्या'वर आला. नाकवाल्यांनी बाटल्या बंद केल्या. वासावाचून एक वेळ चालेल, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं. लोकांना कळता कामा नये, एवढंच. एकदा कळलं की आपण फिल्टर बदलणारे आणखी एक, आणि तसे तर रस्त्याला पैशाला पासरी होते.

त्यांना सगळ्यात जास्त मानणारा माणूस म्हणजे ट्रॅव्हल्सवाला. भाड्याने द्यायच्या गाड्यांचा ताफा बाळगून होता, सगळ्या गाड्या इथेच यायच्या. तोंडात कायम काडी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. "देवमाणूस आहे," तो लोकांना सांगायचा. "गाडीत बसून सांगतो, तीन महिन्यांपूर्वी कोणी काय सांडलं होतं." हे खरं नव्हतं, पण नाकवाल्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

एक दिवस तो पांढरी गाडी घेऊन आला. "एका कंपनीचे पाहुणे आहेत उद्या. बाहेरगावाहून येतायत, मोठी माणसं. कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं होईल. तर या गाडीत ना..."

"काही सांगू नका," नाकवाले सवयीने म्हणाले.

ट्रॅव्हल्सवाल्याने काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. "बरोबर, बरोबर. तुम्हाला काय सांगायचं." आणि चावी देऊन गेला. त्याने सांगितलं असतं तर ते असं होतं: ही गाडी कित्येक महिने एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी लावलेली होती.

दुपारी बायको आली, गाडीत बसली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. बाहेर येऊन तिने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"काय?"

"आईंच्या खोलीसारखा," ती म्हणाली. "शेवटी शेवटी होत्या, तेव्हासारखा."

नाकवाल्यांनी मान हलवली. "कळलं."

"कळलं?"

"न कळायला काय झालं? तिथेच तर होतो मी."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग "जेवून घ्या, गार होईल" म्हणून घरी गेली.

त्यांची आई शेवटची दोन वर्षं आतल्या खोलीत पडून होती. कामावरून आले, आंघोळ केली की ते रोज तिच्यापाशी बसायचे. खिडकी उघडी, चादर धुतलेली, कपाळाला बाम. आईच्या खोलीचा वास म्हणजे बामाचा वास, यात त्यांना शंका नव्हती. वास स्वतः आला नाही तरी खोली डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. बाम म्हणजे किरकोळ काम. कोणा प्रवाशाने चोपडला असेल, उघड्या दारांनी उडून जातो. त्यांनी कॉइलला फेस मारला, फिल्टर बदलला, दारं उघडी टाकली. सीटला हातही लावला नाही. ट्रॅव्हल्सवाला घाईत लवकरच आला, तेव्हा बायको परत यायची होती. शेवटची बैठक त्यांनी स्वतःच केली. डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून, पुरता वेळ घेऊन.

"बामाचा होता," ते बाहेर येऊन म्हणाले. "राहिला असला तर सकाळपर्यंत जाईल."

ट्रॅव्हल्सवाल्याने नाक आत घालून पाहिलं. फेसाचा ताजा वास सगळीकडे भरून होता. "बामाचा?" तो म्हणाला. त्याला वेगळंच वाटत होतं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांना जे सांगत आलो त्याच्यावर स्वतःच शंका कशी घ्यायची, म्हणून तो गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. पाहुणे उतरले, गाडीत बसले, काचा वर, एसी चालू. फेसाचा वास अर्ध्या रस्त्यात संपला. सीटच्या फोममध्ये महिनोन्‌महिने मुरलेलं जे होतं ते तापून वर आलं. मोठी माणसं असल्यामुळे ती काही बोलली नाहीत. सिग्नलला दार उघडून उतरली आणि दुसरी गाडी करून गेली.

ट्रॅव्हल्सवाला दोन-तीन दिवसांनी आला. ओरडायला आला असावा असं सगळ्यांना वाटलं, पण तो हळू आवाजात बोलत होता, आणि तोंडात काडी नव्हती.

"जरा बसून बघता का पुन्हा?"

"घरून डबा येईपर्यंत थांबा, मग निवांत बघतो."

"डब्याचा काय संबंध? बसा ना."

मेहुणा दुकानाच्या पायरीवर आला होता. टायरवाल्यांपैकीही एक-दोघं हातातलं काम सोडून बघू लागले. नाकवाल्यांनी तोंड धुतलं, 'त्या'ने कोरडं केलं, आत बसले. काचा वर. डोळे मिटले. बाहेर आले.

"बाम पूर्ण गेला नाही अजून."

"मागची सीट मी काढून टाकली काल," ट्रॅव्हल्सवाला म्हणाला. "नवी बसवली. आतून सगळं धुऊन घेतलं. आणि आत्ता येताना तुमच्या सीटखाली कांदे चिरून ठेवलेत, चांगले चार." त्याने वाकून ताटली बाहेर काढली. "नाकवाले, कांदा तरी कळायचा हो."

कोणी हसलं नाही. ट्रॅव्हल्सवाल्याला स्वतःलाच कसंतरी झालं. ताटली कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी मेहुण्याने ती त्याच्या हातातून घेतली.

"मला सांगायचं ना," ट्रॅव्हल्सवाला म्हणाला. "मी सांगत होतो तुम्हाला, अंथरुणाला खिळलेला म्हातारा होता गाडीत म्हणून. तर म्हणे सांगू नका." आणि गाडी काढून गेला. कॉन्ट्रॅक्टचा विषयही त्याने काढला नाही.

त्या दिवशी नाकवाले लवकर घरी गेले. बायको डबा भरत होती.

"तू मला चुकीचं सांगितलंस," ते दारातूनच म्हणाले.

"काय चुकीचं?"

"आईची खोली म्हणालीस. गाडीत बाम नव्हता. लघवी होती. फोममध्ये मुरलेली. चारचौघांत कांदे हुंगवले मला."

तिने चमचा खाली ठेवला. "मग मी दुसरं काय सांगितलं?"

"आईच्या खोलीत तसा वास नव्हता कधी."

"तुम्ही यायच्या वेळी नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमची स्कूटर यायच्या आधी सगळं बदलून ठेवायचे मी. चादर, खालचं रबर, त्यांचे कपडे. फरशी दोनदा पुसायची. खिडकी उघडायची. मग शेवटी बाम. बाम त्यांना नको असायचा, कपाळ चुरचुरायचं. पण त्याच म्हणायच्या, लाव. त्याला कळता कामा नये. त्याचं नाक तिखट आहे, इथे बसणार नाही तो."

नाकवाले खुर्चीवर बसले.

"रोज?"

"पडून माणूस असतं ते रोजच असतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यांनी शपथ घातली होती. आणि खरं सांगू का, मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल. अख्ख्या गावाच्या गाड्यांतली पाल कळते माणसाला. एवढ्याशा घरात भिंतीपलीकडचं कसं कळणार नाही? माहीत असून बोलत नाहीत, म्हटलं, आईचा मान ठेवतायत." तिने हात पुसले. "परवा तुम्ही 'कळलं' म्हणालात ना, मी घरी येईपर्यंत रडत आले. बरं वाटलं म्हणून. इतक्या वर्षांनी कोणीतरी म्हणालं कळलं."

आपण खोटं बोललो नव्हतो, हे सांगावं असं त्यांना एकदा वाटलं. पण खोट्यापेक्षा ते खरंच जास्त वाईट ठरलं असतं. तिने डबा भरायचं तसंच सोडलं आणि ताट वाढलं. जेवणाला चव नव्हती. पण ती तापापासूनच नव्हती, त्यामुळे आजचं वेगळं काही मोजता येत नव्हतं.

ट्रॅव्हल्सवाल्याने बदनामी केली नाही. त्याने ती हकीकत गंमत म्हणून सांगितली, आणि गमतीला पाय जास्त असतात. पंधरवड्यात रांग मोडली. ट्रॅव्हल्सच्या गाड्या पलीकडच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागल्या, जिथे सगळ्यांना सगळं सरसकट करतात आणि कोणी डोळे मिटत नाही. मेहुणा चांगल्या मनाने येऊन बसला. "भाऊजी, नाही म्हणू नका. थोड्या बाटल्या ठेवतो इथे. विकल्या तर विकल्या." नाकवाल्यांनी फळीवरचे फेसाचे डबे एका बाजूला सरकवून जागा करून दिली. 'समुद्र' सगळ्यात जास्त खपतो, असं मेहुण्याने सांगितलं. ते बरं म्हणाले.

एका सकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "येशील का आज? एक गाडी आहे. शिकवणीवाल्या बाई आहेत, त्यांना अजून काही माहीत नाही."

तिने पाठमोरीच गॅस बारीक केला.

"येईन," ती म्हणाली. "पण आता कोणाचं कपाट नको नि कोणाची खोली नको. वास येतो किंवा येत नाही, एवढंच सांगेन मी. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"मग मला कळणार कसं?"

"तुम्हाला कळलं नव्हतं, ते मला तरी कुठे कळलं होतं."

दुपारी ती आली. शटर अर्धं ओढायची आता गरज नव्हती. ती बाईंच्या गाडीत बसली, काचा वर घेतल्या. ते बाहेर उभे राहून काचेतून बघत होते. तिने या वेळी डोळे मिटले होते. चेहऱ्यावर मध्येच काहीतरी येऊन गेलं. तिला काहीतरी आठवलं होतं, नक्की आठवलं होतं, एखादी खोली, एखादं माणूस. ते दाराच्या कडीवर हात ठेवून वाट बघत राहिले.

ती उतरली. "येतो," म्हणाली, आणि डबा फळीवर बाटल्यांच्या शेजारी ठेवून रस्त्याला लागली.

नाकवाल्यांनी पाने काढले. कुठून सुरुवात करायची ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळंच उघडायला घेतलं: आधी फिल्टरचं झाकण, मग डॅशबोर्ड, मग सीटचे बोल्ट. संध्याकाळी शिकवणीवाल्या बाई आल्या तेव्हा त्यांची गाडी फुटपाथभर पसरलेली होती आणि नाकवाले प्रत्येक तुकडा उचलून, उलटा करून, डोळ्यांनी बघत होते.

"कसला वास होता हो?" बाईंनी विचारलं.

"उद्या या," ते म्हणाले.